लँगोलेन कालव्यावर बोटीने : आई-बाबांना घेऊन जावी अशी सुट्टी

इंग्लंडमधलं व्हिटचर्च ते वेल्समधलं लँगोलेन हे अंतर मोटारीने तासाभराचंही नाही. तेच कालव्याने सुमारे ३० मैल भरतं, आणि भाड्याच्या बोटीने, सकाळचा चहा निवांत घेऊन, दुपारी झाडाखाली बोट बांधून जेवून गेलं तर पोचायला तीन दिवस सहज जातात. हे वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर हे परीक्षण खास तुमच्यासाठी आहे. भारतातून आई-वडील उन्हाळ्यात इंग्लंडला येतात आणि आपण त्यांना लंडन, एडिंबरा, जमलं तर पॅरिस असं फिरवून दमवतो. संध्याकाळी हॉटेलात आई पाय चेपत बसते आणि बाबा म्हणतात, "छान होतं सगळं." माझ्या आई-बाबांसाठी मी इथे आखलेल्या सगळ्या सहलींत ही कालव्याची सहल सर्वांत चांगली ठरली, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. ती आखताना एकच पथ्य आहे: नकाशावर जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्मंच ठरवायचं.

लँगोलेन कालवा चेशर परगण्यात हर्ल्स्टनला सुरू होतो, श्रॉपशरच्या कुरणांतून जातो आणि शेवटी वेल्सच्या डोंगरांत शिरतो. इथली बोट म्हणजे नॅरोबोट. रुंदी दोन मीटरच्या किंचित वर, लांबी मात्र थेट २१ मीटरपर्यंत. चालवायला परवाना लागत नाही. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण प्रत्यक्षात दोन-तीन मैलांनीच जाणं होतं. काठावरून कुत्रं फिरवायला निघालेली माणसं आपल्याला गाठतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे निघून जातात. केरळच्या हाउसबोटीवर बोट चालवणारा आणि स्वयंपाक करणारा असे दोघेही सोबत असतात. इथे सुकाणूही आपल्याच हातात आणि तवाही. म्हणूनच ज्यांना बसून कंटाळा येतो अशा वडीलधाऱ्यांना ही सुट्टी मानवते.

इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याने बोट मिळेल असे कालवे पुष्कळ आहेत. मी हा निवडला तो लॉकच्या हिशेबाने. लॉक म्हणजे कालव्याची पातळी बदलते तिथे बांधलेली दरवाज्यांची अरुंद टाकी: बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि नव्या पातळीवर बाहेर पडायचं. गंमत पहिल्या दोन-चार वेळा असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर दिवसाला दहा लॉक करायची वेळ आली तर ती शिक्षा होते. या कालव्यावर एकूण २१ लॉक आहेत. त्यांतले १९ हर्ल्स्टन ते ग्रिंडली ब्रुक या पहिल्या तुकड्यात आहेत. नुसत्या ग्रिंडली ब्रुकलाच सहा, आणि त्यांतले वरचे तीन एकाला एक जोडलेले. तुम्ही बोट भाड्याने घेणार तो धक्का ग्रिंडली ब्रुकच्या वर, व्हिटचर्च किंवा एल्समिअरच्या बाजूला असेल, तर लँगोलेनपर्यंत दोनच लॉक लागतात. जागा ठरवताना सगळ्यात आधी हे पाहा. स्वस्त मिळाली म्हणून खालच्या धक्क्यावरून बोट घेतलीत तर पहिले दोन दिवस लॉकमध्येच जातील.

दिवसाचं गणित करायची इथल्या बोटवाल्यांची एक सोपी रीत आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनाने भागायचं. येतील तेवढे तास. व्हिटचर्चपासून ३० मैल आणि २ लॉक, म्हणजे साडेदहा तासांच्या आसपास. त्यात मी आणखी दोन तास घातले, कारण लँगोलेनकडे जाताना पाण्याची ओढ समोरून असते, शेवटचा टप्पा उथळ आहे आणि व्हिटचर्चच्या पुढे हाताने उचलायचे पूल लागतात. दिवसाला चार तास बोट चालवायची असं धरलं तर आठवड्याच्या भाड्यात जाऊन-येऊन होतं आणि मधे लँगोलेनला एक अख्खा दिवस मोकळा राहतो. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते, आणि रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद ठेवायचा शिरस्ता आहे. त्यामुळे "रात्री थोडं पुढे जाऊ" हा पर्यायच नसतो, आणि माझ्या मते ते फार चांगलं आहे.

माझ्या नवऱ्याने आधी रोज सात तासांचा बेत काढला होता, चेस्टर वगैरे धरून. बाबांनी नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, "मग थांबायचं कधी?" बेत तिथेच निम्मा झाला.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही सहल त्यांच्यामुळेच सुचली. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी गोदावरीच्या कालव्यांवर, कोपरगाव-राहात्याच्या बाजूला. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडलं, की रात्री-बेरात्री सायकलवरून कालव्याचे भराव बघत फिरणारा माणूस. त्यांना राजवाडे, संग्रहालयं दाखवून झाली होती. पाणी दाखवावं असं मनात आलं.

आता बोटीविषयी. आम्ही चार मोठे आणि एक मुलगा, म्हणून सहा जणांची बोट घेतली. सहा जणांची म्हणजे सहा जण झोपू शकतील एवढाच अर्थ. त्यांतल्या दोघांची खाट जेवणाच्या टेबलाची रोज रात्री मांडावी आणि सकाळी मोडावी लागते. ज्येष्ठ माणसं असतील तर कायमची खाट असलेली खोली त्यांना मिळेल अशी आतली रचना निवडा, आणि ती खोली शौचालयाच्या शेजारी आहे ना ते पाहा. दारांशी किती पायऱ्या आहेत हे फोन करून विचारा. छायाचित्रांत त्या दिसत नाहीत. आईला मागच्या बाजूच्या तीन उंच पायऱ्यांचा त्रास झाला, पुढच्या दाराच्या पायऱ्या मात्र तिला झेपल्या. मागचा डेक मोकळा आणि रुंद असलेली बोट घ्या. जुन्या पद्धतीच्या बोटीत मागे एकच माणूस जेमतेम उभा राहतो, सुकाणू धरणारा एकटा पडतो आणि बाकी सगळे आत. आमच्या बोटीवर मागे तिघे-चौघे उभे राहत, आणि पुढच्या टोकाला बसकी जागा होती ती बाबांनी पहिल्या दिवसापासून धरली.

भाड्यात डिझेल, गॅस, अंथरूण-पांघरूण आणि भांडी होती. नुकसानीपोटी अनामत वेगळी. शाळांच्या सुट्टीत भाडं फार चढतं. मे महिना किंवा सप्टेंबरची सुरुवात घ्यावी, दिवसही लांब असतात आणि लँगोलेनला रांगही कमी. जुलैमध्ये तिथे १९४७ पासून भरणारा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असतो, आइस्टेडफॉड. गाण्याची आवड असेल तर तेव्हा मुद्दाम जा, पण बोट बांधायला जागा मिळणं अवघड होतं. हिवाळ्यात कालव्याच्या दुरुस्तीची कामं निघतात, त्यामुळे बहुतेक कंपन्या मार्च ते ऑक्टोबरच बोटी देतात.

कंपनीबद्दल माझी एक तक्रार आहे. बोट ताब्यात देताना त्यांचा माणूस घाईत होता. पंख्यात गवत किंवा प्लॅस्टिक अडकलं तर ते काढायची झडप कुठे आहे, न्हाणीचं पाणी बाहेर टाकायचा पंप कसा चालतो, हे त्याने भरभर सांगितलं आणि आईला-बाबांना त्यातलं काहीच कळलं नाही. अशा वेळी संकोच करू नका, पुन्हा विचारा. फोनवर चित्रफीत काढून ठेवा. लाइफ जॅकेट मागितल्यावर मिळाली, आपणहून दिली नाहीत. मुलासाठी आणि पोहता न येणाऱ्या प्रत्येकासाठी ती मागाच. पहिला अर्धा मैल मात्र तो माणूस सोबत आला आणि सुकाणू त्याने मन लावून शिकवलं.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे डोक्याला पटतं, हाताला पटायला अर्धा दिवस लागतो. समोरून बोट आली की उजव्या बाजूने जायचं, बांधलेल्या बोटींजवळ वेग अगदी कमी करायचा. नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे खुंटे उपटतात, आणि आत कुणीतरी चहा गाळत असतं. आणखी एक: उथळ पाण्यात थ्रॉटल वाढवला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, लाट काठ पोखरते आणि वेग काही वाढत नाही. बाबांनी पहिल्याच तासात काठाकडे बोट दाखवून सांगितलं, "अगं, हळू घ्यायला सांग त्याला. भराव चाललाय." वेग कमी केल्यावर बोट सरळ आणि शांत चालली.

व्हिटचर्च सोडल्यावर काही वेळाने कालवा व्हिक्सॉलच्या दलदलीतून जातो. इथे थोडा वेळ बोट बांधा. बेटिसफील्ड, फेन्स आणि व्हिक्सॉल मिळून हा एक मोठा राखीव निसर्गप्रदेश आहे, खाली मीटर-मीटर खोल पीट, म्हणजे हजारो वर्षं कुजून साचलेली वनस्पती. त्या मऊ जमिनीवरून कालवा न्यायचा तर भराव सतत खाली बसणार. तो उचलून धरायला १८०४ पासून मजुरांची एक कायमची टोळी इथे नेमली होती. ती १९६० च्या दशकापर्यंत, काठाला पोलादी पत्रे ठोकेपर्यंत काम करत होती. दीडशे वर्षांहून जास्त काळ एकाच तुकड्यावर माती टाकणारी माणसं. माहितीच्या फलकापुढे बाबा बराच वेळ उभे होते. मग त्यांनी त्यांच्या हाताखालच्या पाटकऱ्यांची नावं घेऊन आठवणी सांगायला सुरुवात केली, आणि त्या मी आजवर ऐकलेल्या नव्हत्या. पूर्वीचे कालवे चिकणमाती पाण्यात तुडवून तिचा थर देऊन गळतीबंद केलेले असत, हे वाचल्यावर ते म्हणाले, "आपण धरणाच्या हार्टिंगला, म्हणजे आतल्या गाभ्याला, काळी माती घालतो आणि बाहेरून मुरूम, तेच हे."

कालवा वाहतो आहे हेही त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं. आम्ही सगळे ते साचलेलं पाणी समजत होतो. एक पिवळं पान समोरून येऊन बोटीच्या बाजूने मागे गेलं तेव्हा ते म्हणाले, "याला उतार दिलाय. पाणी कुठंतरी पोचवायचंय यांना." त्यांचं खरं होतं. इंग्लंडातले बहुतेक कालवे जवळजवळ स्थिर असतात. हा मात्र लँगोलेनच्या वरच्या अंगाला डी नदीतून पाणी घेतो आणि हर्ल्स्टनच्या जलाशयात पोचवतो. तिथून ते पिण्यासाठी जातं. १९४४ च्या कायद्याने या कालव्यावरची वाहतूक रीतसर बंद झाली होती. असे कितीतरी कालवे पुढे बुजले. हा टिकला तो पिण्याच्या पाण्याची ही सोय होती म्हणून. आज आपण सुट्टीला जातो ती त्या पाणीपुरवठ्याची कृपा.

स्वयंपाकाचं सविस्तर लिहिते, कारण निघण्याआधी मला स्वतःला हीच काळजी होती. गॅसच्या चार शेगड्या आणि एक ओव्हन असतं. तवा आणि छोटा कुकर घरून न्या, बोटीवरची भांडी पास्ता उकळण्यापुरती असतात. फ्रिज लहान आहे. इंजिन बंद असताना मिक्सर, मायक्रोवेव्ह यांच्या भरवशावर राहू नका, बॅटरी उतरते. म्हणून लेस्टरहून निघतानाच शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, गोडा मसाला, भाजलेला रवा आणि ज्वारीचं पीठ घेतलं होतं. आईने कालव्याच्या काठाला बोट बांधून भाकऱ्या थापल्या आणि पिठलं केलं. भाकरी भाजताना पुढचं-मागचं दार आणि खिडक्या उघड्या ठेवा. आत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे गजर बसवलेले असतात आणि ते काढून ठेवायचे नसतात. शेजारच्या बोटीवरच्या आजीबाई वास घेत आल्या, आईने त्यांना भाकरीवर लोणी आणि चटणी दिली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी बराच वेळ दोघी बोलत बसल्या होत्या.

पाण्याची टाकी रोज भरायची सवय ठेवा. काठावर ठरावीक ठिकाणी नळ असतात, नळी आपल्या बोटीवर असते आणि टाकी भरायला पाऊण-एक तास लागू शकतो. तो वेळ बेतात धरा, नाहीतर चिडचिड होते. आम्ही नळाशी पोहे करायचो. शौचालयाची टाकी आठवडाभर पुरली. तरी घेतानाच विचारून घ्या, मधे रिकामी करावी लागली तर कुठे आणि किती पैसे पडतात.

एल्समिअरच्या आधीचा टप्पा या मार्गावर मला सगळ्यात जास्त आवडला. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून राहिलेली तळी इथे आहेत, त्यांना मिअर म्हणतात. ब्लेक मिअर तर कालव्याला इतकं चिकटून आहे की मधे फक्त झाडांची एक ओळ आणि पायवाट. तिथे बोट बांधली आणि उरलेला दिवस पुढे गेलोच नाही. मुलाने पाण्यात पाय सोडले, नवरा झोपला, आई विणत बसली. बेत निम्मा केला नसता तर इथून आम्ही पंधरा मिनिटांत पुढे गेलो असतो. पुढे ८० मीटरचा एक छोटा बोगदा आणि मग गावात जाणारा फाटा. फाट्याच्या टोकाशीच मोठं दुकान आहे, त्यामुळे दूध-भाजी इथे घ्यावी.

बोट बांधायची म्हणजे पायवाटेच्या बाजूला, जिथे मनाई नसेल तिथे, लोखंडी खुंटे हातोड्याने ठोकून दोरानं आवळायची. बहुतेक जागा फुकट असतात. गावांजवळ किती तास थांबता येईल त्याच्या पाट्या असतात. या आणि इथल्या बहुतेक कालव्यांची देखभाल २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते. खुंटे पायवाटेवर येऊ देऊ नका, सायकलवाले त्यात अडकतात.

न्यू मार्टनचे दोन लॉक हे वाटेवरचे दोनच. लॉकची चावी म्हणजे एक वाकडी लोखंडी दांडी. ती लॉकच्या खुंटीवर बसवून फिरवली की पॅडल, म्हणजे पाण्याची झडप, उघडते आणि पाणी आत येतं. आईने एक दरवाजा पाठ लावून उघडला; दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की एवढं अवजड लाकूड हळूच हलतं. पातळी एक झाली नसेल तर चार पैलवान लावले तरी हलणार नाही, तेव्हा जोर करू नका, थांबा. परतीला उतरताना एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर बोट पुढे कलते आणि बुडू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोट तिच्या पुढेच ठेवायची, आणि सुकाणूवरच्या माणसाने त्या वेळी फोन बघायचा नाही.

मग चर्क. १८०१ सालचा दगडी जलसेतू, म्हणजे कालवा नदीवरून नेणारा पूल, २१ मीटर उंच, आणि त्याला अगदी खेटून त्याहून उंच रेल्वेचा पूल. खाली केरिऑग नदी. जलसेतूच्या मध्यावर इंग्लंड संपून वेल्स लागतं. उतरताच ४२१ मीटरचा बोगदा, एका वेळी एकच बोट मावेल एवढा. आधी समोर दिवा दिसतो का ते बघायचं, मग आपला दिवा लावून शिरायचं. अरुंद बोगद्यात समोरचं पाणी बोटीला रेटतं, पलीकडचा उजेड बराच वेळ तेवढाच राहतो. घाबरायचं कारण नाही, पण अंधारात ज्यांना गुदमरल्यासारखं होतं त्यांना आतून कठडा असलेल्या पायवाटेने विजेरी घेऊन चालत जाता येतं.

पाँटकसल्टेचा जलसेतू मात्र ज्यासाठी लोक जगभरातून येतात तो. डी नदीच्या खोऱ्यावरून ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच लोखंडी पन्हाळ गेली आहे, १८ दगडी खांबांवर. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचं हे काम. १७९५ मध्ये सुरू झालं, १८०५ मध्ये पुरं झालं. २००९ पासून ते कालव्याच्या आसपासच्या तुकड्यासह जागतिक वारसा आहे. मूळ बेत दोन्ही बाजूंना लॉक घालून खालच्या पातळीवर पूल बांधायचा होता. तो सोडून त्यांनी पाणी आहे त्या उंचीवरून सरळ पलीकडे नेलं. दगडाची पन्हाळ एवढ्या उंचीवर फार जड झाली असती, म्हणून ओतीव लोखंड; आणि खांब वरच्या भागात पोकळ ठेवले. पायवाट पन्हाळीच्या बाहेर न काढता पाण्याच्या वरच बसवली आहे, म्हणजे पाण्याला पन्हाळीची पूर्ण रुंदी मिळते आणि बोटीने बाजूला सारलेलं पाणी पायवाटेखालून मागे जाऊ शकतं. हे कळलं नाही तर हा पूल नुसता उंच वाटतो. कळलं की तो फार हुशारीने केलेला वाटतो.

बोटीवरून जाताना एका बाजूला पायवाट आणि तिचा कठडा असतो. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हाळीची कड पाण्यापासून वीतभर वर, आणि तिच्या पलीकडे थेट झाडांचे शेंडे आणि नदी. आईने आत बसून खिडकीतून बघायचं ठरवलं, आणि हे अगदी रास्त आहे. उंचीची भीती असलेल्यांना आग्रह करू नका. मुलाला आम्ही आत, त्याच्या आजीजवळ ठेवलं. बाबा पुढच्या टोकाला उभे राहिले. त्यांच्या कालव्यावरचे जलसेतू ओढ्या-नाल्यांवरचे. मला वाटलं ते दरी बघत असतील. ते पन्हाळीचे सांधे बघत होते. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "दोनशे वर्षं झाली आणि गळत नाही. देखभाल करणारा माणूस रोज येत असणार इथं." पुन्हा बघायचं म्हणून ते आणि मी पायवाटेने चालत उलटे गेलो आणि परत आलो. तुम्हीही एकदा चालत जा, बोटीतून खांब दिसत नाहीत. खांब बघायचे तर खाली नदीकाठीही उतरा.

जलसेतू ओलांडला की लागणाऱ्या ट्रेव्हरपासून लँगोलेनपर्यंतचा तुकडा मूळचा वाहतुकीसाठी नाही, नदीचं पाणी कालव्यात आणण्यासाठी खोदलेला. म्हणून तो अरुंद, उथळ आणि डोंगराच्या अंगाने वळत गेलेला. काही ठिकाणी दोन बोटी शेजारून जाऊच शकत नाहीत. बोटीवरच्या एकाला पायवाटेने पुढे पाठवायचं आणि समोर कुणी नाही याची खात्री झाल्यावर त्याच्या खुणेने निघायचं. हे काम मुलाने आणि नवऱ्याने केलं, आणि मुलाला सगळ्या सहलीत यातच सर्वांत मजा आली. लँगोलेनला बोट ठेवायला पैसे भरून मिळणारी जागा आहे, वीज आणि पाणी जोडून. भर उन्हाळ्यात दुपारच्या आधी पोचा, नंतर जागा उरत नाही.

इंजिनाच्या बोटी इथेच थांबतात. पुढे घोड्याने ओढायची बोट जाते, तीही १८८४ पासून. आम्ही चालत गेलो, दोन मैलांच्या आत, सपाट पायवाट. शेवटी टेलफर्डचाच हॉर्सशू फॉल्स, म्हणजे नदीवरचा अर्धगोल वळणाचा १४० मीटर लांबीचा बंधारा. तिथून पाणी कालव्यात शिरतं, आणि तोंडाशीच किती पाणी घेतलं ते मोजायचं एक छोटं घर आहे. बाबांनी आयुष्यभर मोजपट्टी बघून नोंदवहीत आकडे लिहिले. त्या बंद घराच्या खिडकीला कपाळ लावून ते आत बघत होते, आणि मी त्यांना एवढं खूश फार कमी वेळा पाहिलं आहे. आई मला म्हणाली, "लंडनला आणलंस तेव्हा असं बघितलं नव्हतं यांनी काही."

जे अवघड आहे तेही सांगते. पाऊस आला तरी सुकाणू धरणारा बाहेरच असतो. चांगला रेनकोट आणि पाण्यात न घसरणारे बूट प्रत्येकाला हवेत. बोटीच्या बाजूच्या अरुंद कडेवरून चालणं ज्येष्ठांनी पूर्ण टाळावं. बोट काठाला पूर्ण टेकल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही आणि बोट पायाने किंवा हाताने थांबवायला जायचं नाही, तिचं वजन कित्येक टन असतं. ज्यांना रोज नवं ठिकाण बघितल्याशिवाय सुट्टी झाली असं वाटत नाही, त्यांच्यासाठी हे नाही. व्हीलचेअर लागत असेल तर साधी नॅरोबोट घेऊ नका. अपंगांसाठी लिफ्ट बसवलेल्या बोटी काही संस्था चालवतात, त्यांची चौकशी करा. खर्च पाच जणांत वाटला तर त्या भागातल्या साध्या हॉटेलाच्या जवळपास येतो, आणि जेवण घरचं.

परतीला पाणी आपल्या बाजूने असतं, त्यामुळे तोच रस्ता लवकर उरकतो. ती बचत शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. बोट बहुतेक ठिकाणी सकाळी ९ च्या सुमाराला परत द्यायची असते, म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यापासून तासाभराच्या आत बांधा, पिशव्या रात्रीच भरा आणि उरलेलं दूध-तेल शेजारच्या बोटीला देऊन टाका. पुढच्या वेळी आई-बाबा आले की माँटगोमरी कालवा करायचा आहे, तो याच मार्गावर फ्रँक्टनला फुटतो. तिथले लॉक रखवालदाराच्या देखरेखीखाली आधी वेळ ठरवून पार करावे लागतात. ते कधी आणि कसं ठरवायचं याची विचारपूस बाबांनी कोपरगावला परतल्यावर पहिल्याच फोनमध्ये सुरू केली आहे.